शेवटी आडवी होणारी रेघ

"बाई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

बाइंडर दारातच उभा होता. दर मंगळवारी तो संस्थेचे रिपोर्ट शिवायला न्यायचा आणि पुढच्या मंगळवारी कडा कापून, पाठीला कापड लावून परत आणायचा. त्याच्या नखांत वाळलेला गोंद असायचा आणि तोंडात कोणती तरी तक्रार. आज तक्रार नव्हती. "काल गोंद वाळेना," तो म्हणाला, "म्हणून सगळे रिपोर्ट टेबलावर उघडे टाकले, शेवटच्या पानावर, आलेख असतो तिथे. एरवी तुमच्या खात्याचा एखादा असतो, या वेळी अकरा साठले होते. बघतो तर अकराच्या अकरा रेघा शेवटी आडव्या! इतकी वर्षं लक्षातच आलं नाही, मी आपला मिटलेलीच पुस्तकं बघतो ना. तुमच्या रेघा शेवटी अशा आडव्या का पडतात हो?"

"दमतात बिचाऱ्या," ती मान वर न करता म्हणाली.

"हां, तसं असेल." तो हसला. "माझी कंबरसुद्धा चार वाजले की हेच म्हणते." गठ्ठा ठेवून, सही घेऊन तो गेला. दार लावायचं नेहमीसारखंच विसरला.

उत्तर तिला आवडलं होतं. एक-दोन मिनिटं ती स्वतःशीच हसत सकाळचे आकडे टंकत राहिली. मग अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली सपाट जमीन लागावी, तसं काहीसं झालं. अंगाला नुसता एक हिसका बसला. तिने गठ्ठ्यातला वरचा रिपोर्ट ओढला, शेवटचं पान काढलं. मग दुसरा. मग खालून एक. काळ्या रबराची रेघ, लाल रबराची रेघ, कुठल्याशा पंपाच्या वायसरची रेघ. प्रत्येक रेघ डावीकडे उंच निघायची, आपापल्या स्वभावाप्रमाणे कोणी घाईने तर कोणी आढेवेढे घेत उतरायची, आणि उजव्या कडेला पोचली की सगळ्या जणी एकाच शाळेत शिकल्यासारख्या शिस्तीत आडव्या व्हायच्या. तीन घरं. प्रत्येकीची तीनच घरं. कधी चार नाहीत की दोन नाहीत. ही शिस्त रबराची नव्हे, हे कळायला शास्त्रज्ञ असायची गरज नव्हती. ती नव्हतीच शास्त्रज्ञ. तिला ते कळलं, कारण ते तिचं अक्षर होतं.

या खात्यात रबर म्हातारं कसं होतं ते बघायचे. पट्ट्या कापून गरम भट्टीत ठेवायच्या, रोज सकाळी काही बाहेर काढायच्या, यंत्राच्या दोन जबड्यांत धरून तुटेपर्यंत ओढायच्या आणि तुटायला किती जोर लागला ते लिहायचं. नवं रबर चिवट असतं, भांडकुदळ असतं. दिवस जातात तसं ते हार मानायला लागतं. कधीपासून आणि किती, एवढंच सांगायचं. बाकीच्या खात्यांतले लोक याला वृद्धाश्रम म्हणायचे, आणि ती इथे सव्वीसाव्या वर्षी आली तेव्हा आलेख हाताने काढायला आली होती. काळी शाई, बारीक टाक, वळणं काढायची पारदर्शक पट्टी. रेघ एका दमात ओढायची, श्वास रोखून, मध्ये शिंक आली तर कागद फुकट. रेघवाल्या बाई हे नाव तेव्हाचं. मग कॉम्प्युटर आला आणि आलेख काढणारं सॉफ्टवेअर आलं, आणि सगळ्यांना वाटलं, आता बाईंना पाकिटं चिकटवायला बसवणार. पण ते सॉफ्टवेअरही तिच्यासारखंच निघालं. चित्र छान काढायचं, पण हिशेब म्हटला की हात वर करायचं. त्याला आकडे द्यावेत, त्याने मुकाट ठिपके मांडावेत. भागाकार करायचा झाला तर शास्त्रज्ञ मंडळी कॅल्क्युलेटर घेऊन बसायची आणि उत्तरं पुन्हा तिच्याकडून टंकून घ्यायची, आणि तीनशे आकड्यांत एखादा उलटसुलट झाला की दोष बाईंचा.

सॉफ्टवेअरबरोबर एक जाडजूड पुस्तक आलं होतं. ते कोणी उघडलं नाही, कारण चित्र काढायला उघडावं लागत नव्हतं. तिने उघडलं, ते डबा खाताना टेकवायला काहीतरी हवं म्हणून. शेवटच्या प्रकरणात लिहिलं होतं की या सॉफ्टवेअरला वापरणाऱ्याने स्वतःची सूत्रं शिकवता येतात. काढण्याआधी आकड्यांचं काय करायचं ते आपण छोट्या प्रोग्रॅममध्ये लिहायचं, त्याला नाव द्यायचं, की ते नाव मेनूत जाऊन बसतं, जणू पहिल्यापासून तिथेच होतं. शाळेत गणितात ती काठावर पास झालेली. डिक्शनरी घेऊन ते प्रकरण तिने एक वर्ष वाचलं. अशा प्रोग्रॅमला ती जोडणी म्हणायची. पहिली जोडणी लिहिली ती अशी: प्रत्येक आकड्याला पहिल्या आकड्याने भाग आणि शंभराने गुण. त्यामुळे कोणतंही रबर कितीही दांडगं किंवा कितीही नाजूक असो, सगळ्यांची सुरुवात शंभरापासून व्हायची. बटण दाबल्यावर सात वेगवेगळ्या ठिकाणांहून निघणाऱ्या सात रेघा एका बिंदूत गोळा झाल्या, आणि ती खुर्चीत मागे टेकून बसली. तिला रडू आलं होतं. कोणाला सांगणार? घरी जाऊन ताईला सांगितलं.

ताई म्हणजे थोरली बहीण, चौदा वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यावर हिची वेणी घालणारी, हिच्या प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही ठोकणारी, आणि लग्न करून दोन गल्ल्या पलीकडेच गेलेली, कारण धाकटीला सोडून लांब जायचं नाही हे तिने नवऱ्याला बघायच्या कार्यक्रमातच सांगून टाकलं होतं. ताईने ऐकून घेतलं, भाजी चिरत चिरत. म्हणाली, "म्हणजे सगळ्यांना सारखं केलंस. बरं केलंस. आता मला सांग, सुरुवात सारखी असली तरी शेवट कोणाचा कसा हे कळतं ना?" कळतं, ती म्हणाली होती. उलट जास्तच चांगलं कळतं.

एका जोडणीच्या बारा झाल्या. एक उंच घसरगुंडीला सरळ उतरण करायची. एक यंत्राची स्वतःची थरथर आकड्यांतून वजा करायची. एक रेघेखालचं क्षेत्रफळ काढायची. लग्न केलं नाही, घर दोन खोल्यांचं, संध्याकाळ लांब. माणसं स्वेटर विणतात तसं ती हे विणत बसायची. आणि सातवी जोडणी म्हणजे गुळगुळीत. तिचं नावच गुळगुळीत. रोजचे आकडे खालीवर उड्या मारतात, पट्टी जरा तिरकी कापली गेली की जोर कमी दिसतो, म्हणून त्या दिवसाचा आकडा, मागचे तीन आणि पुढचे तीन, अशा सातांची सरासरी घ्यायची आणि तिची रेघ काढायची. यात वाईट काही नव्हतं. फक्त शेवटच्या तीन दिवसांना पुढचे तीन दिवस नसतात, ते अजून यायचे असतात, म्हणून रेघ तीन घरं आधीच थांबायची. सुरुवातीची तीन घरंही कोरी राहायची, पण त्यावरून कोणी कधी ओरडलं नाही. सुरुवातीकडे कोण बघतं? शेवटावरून मात्र तेव्हाचे साहेब ओरडले. "ही रेघ अशी अधांतरी का सोडलीत? आणि ठिपके काढून टाका आधी, गोवर आल्यासारखं दिसतंय. अर्धवट काम मला चालत नाही, बाई." तो शुक्रवार होता, रिपोर्ट सोमवारी जायचा होता. तिने जोडणीत एक ओळ वाढवली: पुढचे नसतील तर शेवटचं जे उत्तर आलं तेच पुढे चालू ठेव.

तिने आता ती फाईल उघडली. ओळ तिथेच होती. शेजारी तिने स्वतःसाठी टीप लिहून ठेवली होती, एकाच शब्दाची. तात्पुरतं. आणि खाली तारीख, सतरा वर्षांपूर्वीची. साहेब निवृत्त झाले, वारले, त्यांच्या जागी आलेले बदलून गेले, यंत्र दोनदा नवं आलं, आणि तात्पुरतं आपलं जागच्या जागी. तिला हसू आलं, ते हसू ओठांच्या कोपऱ्यापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. कारण तोपर्यंत ती रबराचा विचार करत होती. रबरानंतर दुसरं काय आहे ते तिच्या हातांना आधी कळलं. दोन्ही हात कळफलकावरून उचलले जाऊन मांडीवर येऊन पडले.

ताईच्या पोटाचं दुखणं सुरू झालं त्याला आठ वर्षं होत आली. डॉक्टरांनी दर रविवारी वजन करायला सांगितलं होतं. "एका आकड्याने घाबरू नका," ते म्हणाले होते, "पाणी चढतं, उतरतं, पाय सुजतात. कल बघा. कल खाली जायला लागला की मात्र वाट बघू नका, सरळ घेऊन या." कल बघा म्हटल्यावर सगळ्यांनी हिच्याकडे बघितलं. घरातच रेघवाल्या बाई असताना चिंता कसली! भावोजी म्हणजे ताईचे यजमान, मालट्रकच्या वजनकाट्यावर चाळीस वर्षं काढलेले. भरलेली गाडी, रिकामी गाडी, वजा करा, पुढची गाडी. त्यांनी कचेरीतून मोडीत काढलेला पार्सलांचा काटा घरी आणून दारामागच्या बोळात ठेवलेला. रविवारी सकाळी ताई त्यावर उभी राहायची, भावोजी शालीचं वजन वेगळं करून वजा करायचे आणि वहीत पेन्सिलने लिहायचे, ही तो आकडा सोमवारी कामावर नेऊन मेनूतून गुळगुळीत निवडायची आणि मंगळवारी नवा कागद घेऊन यायची. एकतीस रविवार. ताई पलंगावरून विचारायची, "काय म्हणते गं तुझी रेघ?" आणि ही म्हणायची, "मध्यंतरी उतरली होती ताई, पण आता थांबलीय बघ. हे बघ, आडवी आहे." खरंच आडवी असायची. दर मंगळवारी शेवटची तीन घरं आडवी असायची. नवा आकडा आला की जुनी आडवी घरं गुपचूप उतरणीत सामील व्हायची आणि नवी तीन घरं आडवी होऊन हजर. घसरण व्हायची, पण नेहमी मागे, नेहमी होऊन गेलेली. आता मात्र स्थिर. ताईचं घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत चढायला लागलं होतं, आणि रेघ आडवी होती. ताई उशीला टेकून बसायची त्या जागी उशीत पूर्वी पडायचा तसा खळगा पडत नव्हता, आणि रेघ आडवी होती. शेवटच्या मंगळवारी भावोजींनी विचारलं होतं, "मग न्यायचं का डॉक्टरांकडे?" आणि तिने कागद पुढे केला होता. ताई म्हणाली, "नाही ना घसरत? मग राहू दे गं. मला माझा पलंग बरा आहे." त्यानंतर आठ दिवसांनी ताई गेली.

तो शेवटचा कागद भावोजींनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. सदरा काढायला कपाट उघडलं की समोर. भेटायला येणाऱ्यांना ते दार उघडून दाखवायचे, एखाद्याला मुलाचं प्रमाणपत्र दाखवावं तसं. "शेवटचा महिना स्थिर होती ती. हाल नाही झाले. हे बघा, हिने काढलंय." सात वर्षं त्यांनी या कागदावर काढली. त्या कागदावर ते झोपत होते, जेवत होते, सकाळी फिरायला जात होते. आता त्यांच्याकडे जाऊन काय सांगायचं? की तेवढी तीन घरं मी भरली होती, भावोजी. साहेब ओरडतात म्हणून.

वही तिच्याकडे नव्हती, पण आकडे मशीनमध्ये होते. जुन्या फोल्डरमध्ये फाईल होती, नाव फक्त ताई. तिने जोडणीतली ती ओळ पुसली. एक ओळ, खाडकन. मग ठिपके दाखव असं सांगितलं, गोवर येऊ दे म्हटलं. आणि फाईल उघडून बटण दाबण्याआधी उठून उगाचच खिडकी उघडली, पुन्हा लावली, टेबलावरच्या पेनांची टोपणं बसवली. सहाशे रिपोर्ट असतील. त्यातली कुठलीशी वायसर कुठल्याशा पंपात आपण स्थिर आहोत अशा समजुतीने बसलेली असेल. त्याचंही वाईट वाटायला हवं, तिने स्वतःला बजावलं, आणि तिला वाटलंही, पण लांबून वाटलं, शेजारच्या घरात भांडं पडल्यासारखं. मग तिने बटण दाबलं. रेघ चव्वेचाळीस पूर्णांक नऊवर येऊन थांबली. तिच्या पुढे तीन ठिपके होते, मोकळे, एकाखाली एक. चव्वेचाळीस पूर्णांक सहा. त्रेचाळीस. एक्केचाळीस पूर्णांक सात. रेघ नव्हतीच तिथे. जिना होता.

दुपारी ती विभागप्रमुखांकडे गेली. त्या तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, सगळे त्यांना मॅडम म्हणायचे, आणि डोळ्यांखाली कायम काळं. तिने सगळं सांगितलं, रबरापुरतं. मॅडमनी चष्मा काढला आणि डोळे दाबून धरले.

"आकडे बरोबर आहेत?"

"आकडे बरोबर आहेत. प्रत्येक रिपोर्टमध्ये जसेच्या तसे छापलेत."

"म्हणजे कोणीही बघू शकलं असतं."

"बघू शकलं असतं. बघितलं नाही. मीसुद्धा नाही. बाइंडरने बघितलं."

"बाई…" मॅडम थांबल्या. "सांगू नका असं मी म्हणत नाहीये. नुसतं विचारतेय, दमलेय म्हणून विचारतेय. हे सांगायलाच हवं का? दीड वर्षात तुम्ही सुटाल. मग मी बसेन सहाशे पत्रं लिहीत."

"आपण सगळीकडे लिहितो ना मॅडम, की रबर कालांतराने स्थिरावतं. ते रबर नाही स्थिरावत. ते मी स्थिरावलंय."

मॅडमनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "एक पान लिहा. सोपं लिहा, सही मी करते. आणि ते तात्पुरतं वगैरे त्यात घालू नका, हसतील लोक."

"हसू देत की."

"तुमचं काय जातंय, हसणार मला," मॅडम म्हणाल्या, आणि खरंच थोड्या हसल्या. तिला वाटलं, हे इतकं सोपं होतं तर दुसरंही असेल. पण ते तसं नसतं हे तिला माहीत होतं. सहाशे अनोळखी लोकांना पत्र लिहिणं सोपं. चूक त्यांच्या दारात ठेवून आपल्याला लांब उभं राहता येतं.

संध्याकाळी ती पायी निघाली. पिशवीत घडी न घातलेला कागद होता, दोन पुठ्ठ्यांमध्ये धरलेला, म्हणजे चुरगळू नये म्हणून, आणि चुरगळला तर बरं असंही वाटत होतं. रस्त्यात औषधांचं दुकान, शिंप्याचं दुकान, सायकली दुरुस्त करणारा. यांतल्या प्रत्येकाने ताईला कधी ना कधी घासाघीस करताना पाहिलेलं. ती स्वतःशीच वाद घालत होती. सांगून काय मिळणार? ताई परत येणार नाही, आणि एका म्हाताऱ्या माणसाच्या डोक्याखालची उशी तेवढी जाणार. मग नको सांगूस. पण मग दर भेटीत ते कपाट उघडणार, आणि आपण तिथे उभं राहून मान हलवायची. आजवर हलवली ती न कळून हलवली. उद्यापासून कळून हलवावी लागेल. तेही तात्पुरतंच म्हणू हवं तर. भावोजींच्या दारापाशी ती दोनदा पुढे जाऊन मागे आली. वरच्या मजल्यावरची कोणी बाई दोरीवरचे कपडे काढता काढता तिच्याकडे बघायला लागली, तेव्हा तिला लाजेने बेल वाजवावी लागली.

"आज मंगळवार ना?" भावोजी दार उघडत म्हणाले. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते, ताठ, दाढी रोजच्या रोज. "मंगळवारी तू बऱ्याच वर्षांत आली नाहीस. ये. चहा टाकू, की आधी काय ते बोलतेस? जादा माल भरलेल्या ड्रायव्हरसारखा चेहरा झालाय तुझा."

"आधी बोलते."

"मग बस तरी."

ती बसली नाही. बोळातून आत गेली, काट्याच्या बाजूने, त्यावर जुनी वर्तमानपत्रं रचलेली होती. सरळ कपाटापाशी जाऊन दार उघडलं. चिकटपट्टी पिवळी पडली होती. आडवी रेघ होती तिथेच होती. तिने पिशवीतून नवा कागद काढून शेजारी धरला.

भावोजींनी चष्मा लावला. एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे. "ही काय, तुटली?"

"तुटली नाही. खरं म्हणजे ती तिथपर्यंतच होती. पुढचं मी ओढलं होतं." मग तिने सांगितलं. सात आकडे, मागचे तीन, पुढचे तीन, पुढचे नसतील तर काय. साहेब, शुक्रवार, रिपोर्ट. मध्येच तिला जाणवलं की आपण फार व्यवस्थित सांगतोय, मॅडमना सांगितलं तसंच, आणि ती थांबली. "ती स्थिर नव्हती, भावोजी. दर मंगळवारी मी आडवी म्हणाले, आणि ती कधीच आडवी नव्हती. तुम्ही विचारलंत, न्यायचं का, आणि मी कागद दाखवला."

 भावोजींनी बोट पुढे केलं आणि रेघेच्या पलीकडच्या पहिल्या ठिपक्यावर ठेवलं.

"चव्वेचाळीस सहा," ते म्हणाले. कागदावर आकडा लिहिलेला नव्हता. "शाल पांघरून उभी होती, शालीचे चारशे ग्रॅम मी वजा केलेत. समोरच्यांच्या कुत्र्याला नावं ठेवत होती, काटा हलायचा थांबेना." बोट खाली सरकलं. "त्रेचाळीस. त्या दिवशी काही बोलली नाही." आणि मग शेवटच्या ठिपक्यावर बोट आलं आणि तिथेच राहिलं. "हा बरोबर नाही."

"बरोबर आहे भावोजी. तुमच्या वहीतूनच घेतलाय."

"वहीत तोच आहे. पण ती एकटी उभी राहू शकत नव्हती गं. मी हात धरला होता तिचा. म्हणजे थोडं वजन माझ्या हातावर होतं. काट्यावर सगळी आलीच नव्हती."

"किती?"

"ते मोजायचं राहिलं," भावोजी म्हणाले.

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. तो बंद करायला दोघांपैकी कोणी गेलं नाही. थोड्या वेळाने ते पलंगाच्या कडेवर बसले, ताई बसायची त्या बाजूला नाही, दुसऱ्या बाजूला. "चाळीस वर्षं ड्रायव्हरांना सांगत आलो, काटा खोटं बोलत नाही. आणि घरात दर रविवारी आकडा स्वतःच्या हाताने लिहून मंगळवारपर्यंत तुझ्या रेघेची वाट बघायचो. मला काय आकडा वाचता येत नव्हता? त्रेचाळीस म्हणजे किती, ते मला कळत नव्हतं?" त्यांनी चष्मा काढला, पुसला नाही, नुसता हातात धरला. "रेघ बरी होती. एवढंच."

"न्यायला हवं होतं का आपण?"

"तुला काय वाटतं?"

"माहीत नाही."

"मलाही नाही." मग ते एकदम तिच्याकडे बघायला लागले, वरपासून खालपर्यंत, गाडी फाटकातून आत येताना बघत असतील तसे. "तूही उतरलीयस. जेवतेस का नीट?"

"जेवते की."

"असं ड्रायव्हर पण म्हणतात." ते उठले, बोळात गेले, वर्तमानपत्रांचा गठ्ठा उचलून जमिनीवर ठेवला आणि बाहीने काट्यावरची धूळ पुसली. "ये इकडे. चपला काढ."

"भावोजी, काहीतरीच काय!"

"काढ म्हणतो ना."

तिने चपला काढल्या. लोखंड थंडगार होतं. वर चढताना तोल गेला तशी तिने भिंतीवरच्या खुंटीला हात घातला. भावोजी खाली वाकून डोळे बारीक करून काट्याकडे बघत होते. पेन्सिल कानामागे कधी गेली होती कोण जाणे.

"हात सोड," ते म्हणाले. "काही म्हणजे काही धरायचं नाही."

तिने खुंटी सोडली. काटा वर गेला, खाली आला, पुन्हा थोडा वर गेला, आणि दोघं जण तो आपणहून थांबायची वाट बघत उभी राहिली.